रेव्ह. डॉ. विल्यम बकलंड

शब्बाथशाळेत नोहाच्या तारवाचा पाठ निघाला की एखादा मोठा मुलगा हमखास विचारतो, एवढे पाणी आले होते तर त्याच्या खुणा कोठे आहेत? आपण डोंगरावर सापडणाऱ्या शिंपल्यांचा दाखला देऊन मोकळे होतो. मीही तो कित्येक वर्षे दिला. या प्रश्नाच्या मागे आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेल्या एका पाळकाची हकीकत वाचल्यापासून मात्र तो देताना जीभ अडखळते.

विल्यम बकलंड यांचा जन्म १२ मार्च १७८४ रोजी इंग्लंडातील ॲक्समिन्स्टर येथे झाला. वडील पाळक होते. ते मुलाला घेऊन जवळच्या दगडांच्या खाणींत हिंडत व खडकातले शिंपले गोळा करीत. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून १८०८ साली विल्यम यांनी पाळकपदाची दीक्षा घेतली आणि पुढे तेथेच ते भूगर्भशास्त्र शिकवू लागले. या नव्या शास्त्राकडे तेथील पुष्कळ धर्मपंडित संशयाने पाहत. १८२० साली छापलेल्या व्याख्यानात बकलंड यांनी त्यांना दिलासा दिला, की जलप्रलयाची साक्ष जमिनीतच आहे.

पुढच्याच वर्षी यॉर्कशायरमधील कर्कडेल येथे खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक गुहा लागली. आत हाडेच हाडे! गुरांची असतील असे समजून काही तर रस्त्याच्या खडीत गेली. ती निघाली तरस, हत्ती, गेंडा व पाणघोडा यांची. प्रलयाच्या पाण्याने ही जनावरे उष्ण देशांतून वाहून आणली, असे म्हणणे सोपे होते, आणि बकलंड यांच्या मताला ते सोयीचेही होते. पण ते स्वतः गुहेत शिरले. तोंड इतके अरुंद की त्यातून हत्ती आत येणे शक्य नव्हते. हाडांवर दातांच्या खुणा होत्या. त्यांनी फिरत्या प्राणिसंग्रहातील जिवंत तरसाला बैलाचे हाड चघळायला देऊन पाहिले. खुणा तंतोतंत जुळल्या. तरसाच्या विष्ठेचे वाळलेले गोळेही गुहेत मिळाले. म्हणजे तरसे तेथेच राहत होती व शिकार तुकड्यातुकड्यांनी आत ओढीत होती. पाण्याने काहीही वाहून आणले नव्हते. हाडांवर बसलेला चिखलाचा थर तेवढा बकलंड यांनी प्रलयाकडे ठेवला. १८२३ साली त्यांनी याच मताचा मोठा ग्रंथ काढला.

त्याला जोरदार हरकत घेतली ती स्कॉटलंडचे पाळक जॉन फ्लेमिंग यांनी, १८२६ साली, आणि तीही उत्पत्तीच्या पुस्तकावरूनच. कबुतराने जैतुनाचे पान आणले, म्हणजे झाडे उभी होती. मग दऱ्या कोरून काढणारा लोंढा तो कोणता? इतरांनी दाखविले की निरनिराळ्या ठिकाणचे खडीचे थर एका वेळचे नाहीत, आणि त्यांत माणसांची हाडे मिळत नाहीत. केंब्रिजचे ॲडम सेजविक, तेही दीक्षित पाळक, यांनी १८३१ साली भूगर्भशास्त्र मंडळाच्या अध्यक्षपदावरून आपले प्रलयविषयक मत जाहीरपणे मागे घेतले. बकलंड यांना आणखी पाच वर्षे लागली. देवाच्या सृष्टीतील योजना दाखविणारा जो ग्रंथ त्यांनी १८३६ साली लिहिला, त्यातच त्यांनी नमूद केले की आपण वर्णिलेला प्रलय नोहाचा नव्हता. आपल्याच गाजलेल्या ग्रंथावर असे पाणी सोडणे हलके नसते. यॉर्कचे डीन विल्यम कॉकबर्न यांनी तर १८३८ साली त्यांच्याविरुद्ध पत्र छापून प्रसिद्ध केले.

मग तो गाळ, ते दूरवर येऊन पडलेले प्रचंड धोंडे कशाचे? १८३८ साली स्वित्झर्लंडमध्ये लुई अगासी यांनी त्यांना हिमनद्या दाखविल्या. १८४० साली दोघे स्कॉटलंडभर फिरले. घासलेले खडक पाहून बकलंड यांनी मान्य केले की हे काम बर्फाचे आहे. आज शास्त्रज्ञही तेच मानतात. कर्कडेलचे पाणघोडे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या एका उष्ण काळातले ठरले आहेत.

या साऱ्या काळात त्यांनी उपासना सोडली नाही की दीक्षा टाकली नाही. १८४५ साली ते वेस्टमिन्स्टर ॲबीचे डीन झाले. अखेरची वर्षे मानसिक आजारात गेली. १४ ऑगस्ट १८५६ रोजी ते प्रभूत निजले. इस्लिप गावी त्यांची कबर खणताना खाली चुनखडीचा अखंड खडक लागला व तो सुरुंगाने फोडावा लागला, असे सांगतात.