ज्यूल आणि आमची जळालेली मोटार

आपल्या दहावीच्या विज्ञानात ज्यूलचा नियम होता. विद्युतधारेचा वर्ग, गुणिले रोध, गुणिले वेळ. सरांनी फळ्यावर लिहिला, आपण वहीत उतरवला आणि परीक्षेत गणित सोडवून मार्क घेतले. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले. पहिल्याच वर्षी सुट्टीत रेणापूरला आले, तर आमच्या विहिरीवरची मोटार जळालेली. रब्बीचं पाणी सुरू होतं, शिवारात सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू आणि लाईट डिम. अण्णांनी मला साधाच प्रश्न विचारला. लाईट कमी असली की घरातल्या रॉडनं पाणी लवकर तापत नाही, मग त्याच लाईटवर मोटार जास्त तापून जळते कशी? मला उत्तर देता आलं नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हेच आठवलं, म्हणून ज्याचा नियम आपण पाठ केला त्या माणसाबद्दल लिहिते आहे.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ चा, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड गावचा. वडिलांचा बिअरचा मोठा कारखाना होता. पोराच्या पाठीच्या कण्याचं दुखणं, तब्येत नाजूक, म्हणून शिक्षण घरीच झालं. (शाळेच्या स्मरणिकेत शाळेत न गेलेल्या माणसाची गोष्ट सांगते आहे, गुरुजनांनी क्षमा करावी.) सोळाव्या वर्षी मात्र त्याला आणि त्याच्या भावाला शिकवायला अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टन मिळाला. म्हाताऱ्या डाल्टननं आधी अंकगणित आणि भूमिती पक्की करून घेतली. १८३७ मध्ये डाल्टनला अर्धांगाचा झटका आला आणि ती शिकवणी थांबली. ज्यूल महाविद्यालयात गेला नाही, कारखान्यातच काम करू लागला.

त्या काळी विजेची मोटार ही नवी गोष्ट होती. कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढून मोटार बसवता येईल का, हा ज्यूलचा हिशेब. त्यानं स्वतः मोटारी बनवल्या. तेव्हा वीज मिळायची बॅटरीतून, आणि बॅटरीत जस्त खर्ची पडायचं. एक पौंड जस्तातून जेवढं काम निघतं, त्याच्या चार-पाच पट काम चांगलं इंजिन एक पौंड कोळशातून काढतं, आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग, असं त्याला दिसलं. धंद्याच्या दृष्टीनं विषय संपला. पण तारा तापतात त्या किती आणि कशामुळे, हा प्रश्न त्यानं सोडला नाही.

त्यानं तारेचं वेटोळं पाण्याच्या बरणीत बुडवलं, ठरावीक वेळ वीज सोडली आणि पाणी किती चढलं ते थर्मामीटरवर पाहिलं. धारा दुप्पट केली तर उष्णता चौपट, तिप्पट केली तर नऊपट. हाच तो वर्ग. १८४० मध्ये त्यानं निबंध रॉयल सोसायटीला पाठवला, त्यांनी फक्त सारांश छापला. पूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला.

पुढचा प्रश्न अवघड होता. उष्णता म्हणजे वस्तूतून वाहणारा एक अदृश्य द्रव, असं तेव्हा बरेच जण मानत. ज्यूलनं लहान विद्युतचुंबक पाण्याच्या नळीत ठेवून मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवला. विद्युतधारा तयार झाली आणि पाणी तापलं. उष्णता कुठून वाहत आली नव्हती, फिरवण्याच्या कष्टातून ती निर्माण झाली होती. १८४३ मध्ये कॉर्क गावी शास्त्रज्ञांच्या सभेत त्यानं हे वाचलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे त्यानं वीज बाजूला ठेवली आणि वजनं खाली सोडून पाण्यात पितळी वल्ही फिरवली. पाण्याचं तापमान जेमतेम अर्ध्या अंशानं वाढायचं. डान्सर नावाच्या कारागिरानं बनवलेल्या थर्मामीटरवर तो अंशाचा दोनशेवा भाग वाचत असे. लोकांना हे खरं वाटेना. बिअरच्या धंद्यात तापमान सांभाळावंच लागतं, त्या सवयीचा इथं उपयोग झाला असावा असं मला वाटतं.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, यानं ते ऐकलं. त्याला ते लगेच पटलं नाही, पण डोक्यातून गेलंही नाही. त्याच उन्हाळ्यात ज्यूलचं अमेलियाशी लग्न झालं आणि दोघं आल्प्सला गेले. तिथं थॉमसनला तो वाटेत भेटला तो हातात थर्मामीटर घेऊन. धबधब्याचं वरचं आणि खालचं तापमान त्याला मोजायचं होतं. जमलं नाही, कारण पाण्याचे नुसते तुषार उडत होते. पाणी एक अंश सेल्सिअस तापायला ते ४२७ मीटर पडावं लागतं. आपल्या नांदेडकडच्या सहस्रकुंडला थर्मामीटर घेऊन गेलात तर निराशाच होईल.

संसार सात वर्षांचाच ठरला. १८५४ मध्ये अमेलिया गेली, दोन लहान मुलं मागे ठेवून. कारखानाही विकला गेला. थॉमसनबरोबर त्यानं वायूंवर केलेलं काम आजच्या फ्रिज-एसीच्या अभ्यासात येतं. मानसन्मान मिळाले, पैसा मात्र प्रयोगांत गेला. १८७८ पासून सरकारनं वर्षाला २०० पौंड पेन्शन दिलं. ११ ऑक्टोबर १८८९ ला सेल या गावी तो वारला. त्याच वर्षी पॅरिसच्या वीज परिषदेत ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव मिळालं. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागणारं काम, फूट-पौंडांत.

आता अण्णांचा प्रश्न. रॉडचा रोध जवळजवळ ठरलेला. २३० ऐवजी १६० व्होल्ट आले की धाराही कमी होते आणि उष्णता निम्म्यावर येते. १००० वॅटच्या रॉडनं दहा लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला साडेसतरा मिनिटं लागतात, तिथं पस्तीसच्या वर लागणार. मोटारीचं तसं नाही. पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती धारा जास्त ओढते. व्होल्टेज वीस टक्के कमी म्हणजे धारा सुमारे सव्वापट, आणि वर्ग केला की वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर. तापमान कुठं थांबेल हे मात्र वॅट एकटे ठरवत नाहीत. जेवढी उष्णता तयार होते तेवढीच बाहेर जाऊ लागली की तापमान थांबतं. तोवर चढत राहतं, आणि मध्येच तारेवरचं वार्निश जळून जातं. आमच्या कंपनीतल्या सर्व्हरच्या खोलीत एसी रात्रंदिवस चालतो, तो याच हिशेबानं.

हे सगळं मी अण्णांना फोनवर सांगितलं, पंचवीस वर्षं उशिरा. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले होता, पण डिम लाईटवर तो सारखा पडायचा, रात्री पाणी धरताना पुन्हा पुन्हा विहिरीवर जावं लागायचं, म्हणून त्यांनीच वायर डायरेक्ट जोडली होती. त्या रिलेच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. ज्यूलच्याच नियमानं ती तापते, वाकते आणि मोटार बंद करते.