वालचंदनगरच्या शेठजींचे विमान

इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळरानावर ऊस पिकवून साखर कारखाना उभारणारे शेठ वालचंद हिराचंद (जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर) रेल्वेच्या कंत्राटदारीतून पुढे आले. १९१९ मध्ये ‘सिंदिया’ कंपनीद्वारे त्यांनी इंग्रज आगबोट कंपन्यांशी झुंज घेतली. विमाननिर्मितीचे साहस त्याहून धाडसी होते.

१९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची अमेरिकी उद्योजक विल्यम पॉले यांच्याशी गाठ पडली. पॉले चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. महायुद्धाच्या त्या आरंभकाळात भारतीय वैमानिक ‘टायगर मॉथ’ या दुपंखी विमानावर धडे गिरवीत. तेही विलायती बनावटीचे. म्हैसूर संस्थानाच्या भांडवली साह्याने वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ स्थापन केली आणि १९४१ मध्येच तेथे जुळणी झालेले ‘हार्लो’ हे एकपंखी प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले.

जपानी फौजा ब्रह्मदेशात पोहोचताच चित्र पालटले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. जहाजात चिवट ठरलेल्या या माणसाला विमानात जेमतेम दीड वर्षच मिळाले! त्याच कारखान्यातून १९५१ मध्ये भारतीय आराखड्याचे ‘एचटी-२’ उडाले. पुढे ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले.