कोसबाडच्या अनुताई

दर वर्षी आपल्या अंकात कुणा ना कुणा थोर व्यक्तीवर लेख असतो आणि तो आपण सगळे न वाचता पान उलटतो. मीही उलटायचे. यंदा मात्र असा लेख मीच लिहायला बसले आहे आणि तोही थोडासा स्वतःवर चिडून. कारण सांगते.

गेल्या वर्षी माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने मला परदेशातले फोटो पाठवले. ती तिथे सहा आठवडे लहान मुलांना शिकवायला व्हॉलंटियर म्हणून गेली होती. भोवती हसणारी मुलं आणि मध्ये ही. झालं! तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच खूळ, आपणही जायचं. बाबांनी पैशाचं बघू म्हणून सांगितलं. फॉर्म भरायला घेतला आणि एका प्रश्नाशी अडले. मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव काय? माझा अनुभव शून्य. म्हणून, खोटं कशाला बोलू, फक्त एक सर्टिफिकेट मिळावं यासाठी मी एनएसएसच्या रविवारच्या वर्गाला नाव दिलं.

वर्ग बोईसरच्या पूर्वेला एका पाड्यावर, अंगणवाडीच्या ओट्यावर भरायचा. पहिल्या रविवारी पंचवीसेक मुलं होती. मी माझ्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या इंग्लिश राइम्स अ‍ॅक्शनसकट म्हणून दाखवल्या, रंगीत चार्ट लावले, फोटो काढले. दुसऱ्या रविवारी पंधरा मुलं. चौथ्या रविवारी तीन, आणि त्यातलं एक भिंतीला टेकून झोपलेलं. परत आल्यावर लायब्ररीत जर्नल लिहिता लिहिता मी मैत्रिणीला सांगत होते की या मुलांना शिकण्यात इंटरेस्टच नाही. लायब्ररीतले काका ते ऐकत होते. ते काहीच बोलले नाहीत, फक्त एक जुनं पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. अनुताई वाघ यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. माझं मराठी वाचन कासवाच्या गतीचं, त्यामुळे पुस्तक संपायला दोन आठवडे लागले. पण त्या दोन आठवड्यांत माझी चांगलीच उतरली!

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगाव येथे झाला. हो, तेच अष्टविनायकातलं मोरगाव. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे आपण आठवीत असतो तेव्हा, त्यांचं लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत पती वारले. १९२३ साली बालविधवेचं पुढे काय व्हायचं हे आपण सिनेमात पाहिलेलं आहे. अनुताईंच्या घरच्यांनी मात्र त्यांना शिकवायचं ठरवलं. त्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजमधून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. १९२९ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला त्यांची पहिली नोकरी सुरू झाली. चार वर्षांनी त्या पुण्यात हुजूरपागेत आल्या. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. आपल्याला एक केटी लागली तर आपण आठवडाभर मेसमध्ये जेवत नाही. या बाईंनी पदवी घेतली ती १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी!

पुण्यातली चांगली नोकरी, नावाजलेली शाळा. इथेच गोष्ट सुखाने संपली असती. पण १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. अनुताई तिथे गेल्या आणि त्यांची भेट ताराबाई मोडकांशी झाली.

ताराबाईंबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्या १८९२ साली मुंबईत जन्मल्या, १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. १९२३ पासून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग करत होत्या. त्या प्रयोगांच्या मागे होत्या इटलीच्या मादाम माँटेसरी. त्यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं होतं. पुढे १९३९ मध्ये त्या स्वतः शिकवायला भारतात आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत हजाराहून जास्त शिक्षक तयार करून गेल्या. परदेशात जाऊन शिकवणं म्हणजे काय ते बघा! ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, नंतर मुंबईत दादरला शिशुविहार चालवला. पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. माँटेसरीचं शिक्षण गरीब वस्तीत जन्मलं आणि आपल्याकडे मात्र ते शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांचं झालं. ते खेड्यात न्यायचं असं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी समुद्रकाठचं बोर्डी गाव निवडलं. त्यांना सोबत हवी होती. त्रेपन्न वर्षांच्या ताराबाईंबरोबर जायला पस्तीस वर्षांच्या अनुताई तयार झाल्या. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं.

बोर्डी आपल्याला काही लांब नाही. बोईसर, वाणगाव, डहाणू रोड आणि पुढचं स्टेशन घोलवड, तिथून बोर्डी. पण पुण्याच्या बाईला १९४५ साली तो परमुलूखच. बोली वेगळी, खाणं वेगळं. आजूबाजूच्या पाड्यांवर वारली समाज सावकारांच्या आणि जमीनदारांच्या वेठबिगारीखाली पिचलेला. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली याच भागात वारल्यांचा उठाव झाला होता. ज्या घरातला बापच स्वतःच्या मर्जीचा मालक नाही, त्या घरातलं पोर शाळेत कसं येणार?

आणि झालंही तसंच. बालवाडी उघडली, पण हरिजन वाड्यातली आणि पाड्यावरची मुलं येईनात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. अरे, हे तर माझ्याच चौथ्या रविवारचं वर्णन! फरक पुढे आहे. मी म्हटलं, मुलांना इंटरेस्ट नाही. त्या दोघींनी म्हटलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल.

त्या सामान पिशवीत भरून वस्तीवर जायच्या आणि कुणाच्या तरी अंगणात बसायच्या. आधी मुलांची तोंडं धुवायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. मित्रांनो, मी चार रविवार ज्या ओट्यावर चढत होते त्याच्या भिंतीवर हाच शब्द लिहिलेला होता आणि तो आला कुठून याचा मी एकदाही विचार केला नव्हता. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. बोर्डीच्या अंगणात ती त्याच्या किती आधी भरत होती!

आणखी एक गोष्ट आपल्या इंजिनिअर लोकांना आवडेल. माँटेसरीची साधनं महाग. ती खेड्यात कोण घेणार? मग यांनी समुद्रावरचे शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू असं जे हाताशी मिळेल त्यातून साधनं केली. मोजायला बिया, रंग ओळखायला पानंफुलं. तत्त्व तेच, मटेरियल लोकल. साधन हरवलं तर मूल स्वतः जाऊन दुसरं उचलून आणेल. आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण एवढा विचार करतो का?

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, ऐन आदिवासी पाड्यांमध्ये आलं. इथे नवीन अडचण. मुलं दिवसभर गुरं चारायला रानात आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी. मग गुरं जिथे चरतात त्या कुरणातच शाळा भरवली. तिचं नाव कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा असं सगळं एका ठिकाणी आणलं, म्हणजे धाकटं भावंड पाळण्यात आणि ताई वर्गात. तिचं नाव विकासवाडी. बघा, प्रत्येक वेळी पोराने काय सोडावं असा प्रश्न नाही. शाळेने काय बदलावं हा प्रश्न.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. या वयात लोक रिटायर होऊन नातवंडांत रमतात. अनुताईंनी संस्थेचा सगळा भार घेतला. बालवाडीच्या शिक्षिका तयार करणं, पुस्तकं लिहिणं, मासिकं चालवणं, बायकांच्या प्रश्नांवर काम करणं सुरूच. कोसबाडनंतर दाभोणच्या जंगलात त्यांनी पुन्हा नव्याने काम उभं केलं, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या. बोर्डीला उतरल्या त्याला तोवर सत्तेचाळीस वर्षं होत आली होती. माझ्या फॉर्मवर कालावधी होता सहा आठवडे.

सहा आठवडे जाणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. सगळ्यांना अनुताई होता येत नाही आणि मला तर नक्कीच नाही, माझं फायनल इयर बाकी आहे. पण निदान एवढं कळलं की वर्ग कुणाच्या सोयीने चालतो हे आधी बघावं. आमचा वर्ग रविवारी सकाळी अकराला का असायचा माहीत आहे? कारण रविवारी आपल्या मेसचा नाश्ता उशिरा असतो! पाड्यावरच्या अंगणवाडीताईंना मी पहिल्यांदाच विचारलं की मुलं अकराला कुठे असतात. मोठी पोरं ओढ्यावर खेकडे-मासे धरायला, मुली पाण्याला आणि भावंडांमागे. संध्याकाळी चारनंतर सगळी मोकळी. एवढी साधी गोष्ट चार रविवारात मला विचारावीशी वाटली नव्हती.

आम्ही वेळ चारची केली. चार्ट बंद केले. भावंडांना बरोबर आणायची परवानगी दिली. आता वर्गात कुणी रांगतं, कुणी रडतं, पण मुलं येतात. बेरीज आम्ही चिंचोक्यांवर करतो. त्यांची बोली मला अजून नीट कळत नाही, मी चुकीचा शब्द बोलले की सगळी पोरं पोट धरून हसतात आणि मला बरोबर शब्द पाठ करायला लावतात. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, देव जाणे.

एक गोष्ट मात्र टोचते. अंगणवाडीताईंनी सहज सांगितलं की कॉलेजची मुलं दर वर्षी जुलैमध्ये येतात आणि परीक्षा जवळ आल्या की दिसेनाशी होतात. मुलांना आता त्याची सवय झाली आहे. सवय झाली आहे, हे ऐकून मला फार लाज वाटली.

परदेशाचा तो फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यात मुलांना काय शिकवाल असं विचारलंय. पूर्वी मी तिथे दहा ओळी खरडल्या होत्या. आता त्या खोडल्या आहेत आणि नवीन काय लिहावं ते सुचत नाही. कदाचित पुढच्या वर्षी जाईन, कदाचित नाही. पण आमच्या सबमिशनच्या आणि पीएलच्या महिन्यांत पाड्यावरचा वर्ग बंद पडू नये म्हणून आम्हाला चार जण हवे आहेत, आळीपाळीने जायला. वेगवेगळ्या ब्रँचचे असतील तर बरं, म्हणजे सगळ्यांचे पेपर एकाच दिवशी येणार नाहीत. स्टाफपैकी कुणी आलं तर फारच छान, कारण आम्ही चार वर्षांत निघून जाणार आणि तुम्ही इथेच असणार.

सर्टिफिकेट मिळेल की नाही ते मला माहीत नाही. रविवारी दुपारी सव्वातीनला कॉलेजच्या गेटवर भेटा. आणि हो, येताना रंगीत चार्ट आणू नका!