कण्हेरखेडचे माधवराव

ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे आपल्या कोरेगाव तालुक्यातले, कण्हेरखेडचे, हे इतिहासाच्या बाईंनी सांगितलं तेव्हा निम्म्या वर्गाला खरंच वाटलं नव्हतं. आठवतंय ना? पुढे मी इंजिनिअरिंगला सांगलीला गेले. साताऱ्यानंतर कोरेगाव स्टेशन आलं की मला तो तास हमखास आठवायचा.

राणोजी शिंदे पेशव्यांच्या चाकरीत चढत गेले. माधवराव त्यांच्या घराण्यातले. जन्म 1945 चा, मुंबईचा. शिक्षण ग्वाल्हेर आणि ऑक्सफर्डला. 1971 पासून नऊ वेळा लोकसभेवर निवडून आले, एकदाही हरले नाहीत. 1984 मध्ये तर ग्वाल्हेरला समोर वाजपेयी होते.

माझ्या पेशामुळे मला त्यांचा रेल्वेचा काळ जवळचा. राजीव गांधींच्या सरकारात ते रेल्वे राज्यमंत्री असताना दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं. तोवर सगळा कारभार रजिस्टरवर. शेकडो माणसं एकाच वेळी जागा मागत असताना एकच बर्थ दोघांना जाऊ न देणं किती अवघड असतं, ते असलंच काम रोज करणाऱ्यांना विचारा. लोकांना मात्र 1988 ची शताब्दीच आठवते.

जानेवारी 1993 मध्ये ते नागरी विमान वाहतूक मंत्री होते. वैमानिकांचा संप चालू होता, म्हणून भाड्याने आणलेलं उझबेकिस्तानचं विमान दिल्लीच्या दाट धुक्यात उतरताना उलटलं. आतले सगळे वाचले. तरीही माधवरावांनी नैतिक जबाबदारी घेऊन मंत्रिपद सोडलं. आमच्या क्षेत्रात काही कोसळलं की चूक शोधत शोधत लोक खाली येतात आणि सगळ्यात नवख्या पोरापाशी थांबतात. एकदा ते नवखं पोर मीच होते, त्यामुळे हा राजीनामा माझ्या मनातून जात नाही.

30 सप्टेंबर 2001, रविवार. कानपूरच्या सभेसाठी ते दिल्लीहून दोन इंजिनांच्या लहानशा विमानाने निघाले. सोबत स्वीय सचिव, चार पत्रकार आणि दोन वैमानिक. मोठी विमानं बहुतेक वेळा ढगांच्या वरून निघून जातात, लहान विमानाला पुष्कळदा त्यांतूनच वाट काढावी लागते. हवा खराब होती. मैनपुरीजवळ भैंसरौली गावाच्या शिवारात विमान पडलं. आठांपैकी कुणीही वाचलं नाही. माधवराव 56 वर्षांचे होते.

मी नुकतीच पुण्यात नोकरीला लागले होते. बातमी कळल्यावर बूथवरून घरी फोन केला. बाबांना पहिल्यांदा कण्हेरखेड आठवलं, मला धुक्यातलं ते विमान.