एड्सगर डाइक्स्ट्रा

एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा (जन्म : ११ मे १९३०, रॉटरडॅम, मृत्यू : ६ ऑगस्ट २००२, न्यूनेन) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या नावाचा मूळ डच उच्चार 'एट्सखर डेइक्स्ट्रा' असा काहीसा होतो. एकाच वेळी चालू असलेल्या अनेक आज्ञावल्यांनी परस्परांच्या कामात बाध न आणता आपापले काम कसे पूर्ण करावे, या प्रश्नाला गणिती शिस्त लावणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नकाशावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याच्या रीतीमुळे विद्यार्थ्यांना त्यांचे नाव परिचित असते. तथापि त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग निराळ्याच प्रश्नाने व्यापला होता. संगणकात कोणते काम आधी व कोणते नंतर होणार याची शाश्वती नसेल, तर उत्तर बरोबर येईल याची हमी कशी द्यायची, हा तो प्रश्न होय.

पूर्वायुष्य

डाइक्स्ट्रा यांचे वडील रसायनशास्त्रज्ञ व शिक्षक होते आणि डच रसायनशास्त्र संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. आई गणिताच्या अभ्यासक होत्या. त्यांनी नोकरी मात्र कधी केली नाही. कायद्याचे शिक्षण घेऊन संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा डाइक्स्ट्रा यांचा विद्यार्थिदशेतील मानस होता. गणित व विज्ञानातील उत्तम गुणांमुळे तो बाजूला पडला आणि त्यांनी लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा अभ्यास सुरू केला. १९५१ साली केंब्रिज येथील आज्ञावली-लेखनाच्या अल्पकालीन वर्गास ते गेले. पुढल्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते अर्धवेळ काम करू लागले. भौतिकशास्त्र की आज्ञावली-लेखन, अशा द्विधा मनःस्थितीत असताना केंद्रातील ज्येष्ठ गणितज्ञ आड्रियान व्हॅन वाइनगार्डन यांनी त्यांना धीर दिला. हे क्षेत्र अद्याप शास्त्र झाले नसेल, तर ते घडविणाऱ्यांपैकी एक होण्याची संधी आहे, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते.

१९५७ साली मारिया डेबेट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नोंदणीपत्रकात व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'प्रोग्रॅमर' असे लिहिले, तेव्हा असा व्यवसाय अस्तित्वात नाही म्हणून ते नामंजूर झाले व तेथे भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली. ही हकिकत पुष्कळदा गमतीने सांगितली जाते. त्या काळी या कामाला समाजात किती अल्प मान्यता होती, हेही तीवरून कळते.

जवळच्या मार्गाची रीत त्यांना १९५६ साली ॲमस्टरडॅममधील एका कॉफीगृहात, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत सुचली. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली.

क्रमवार, समवर्ती आणि समांतर

डाइक्स्ट्रा यांच्या पुढील कार्यासाठी या तीन शब्दांतील फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे. एक काम संपल्यावरच दुसरे हाती घेतले, तर ती कामे क्रमवार होतात. भात शिजत ठेवून त्याच व्यक्तीने मधल्या वेळात पोळ्या लाटल्या व अधूनमधून भाताकडे पाहिले, तर कामे समवर्ती झाली : दोन्ही अपूर्ण अवस्थेत एकदमच चालू आहेत, पण हात मात्र एकाच व्यक्तीचे आहेत. दोन व्यक्तींनी दोन कामे एकाच क्षणी केली, तर ती समांतर होत. समवर्ती व समांतर या दोन्ही प्रकारांत अडचण एकच असते. कामांचे बारीकसारीक टप्पे एकमेकांत कोणत्या क्रमाने गुंफले जातील, हे आधी सांगता येत नाही.

समजा, एका बसमध्ये एकच आसन शिल्लक आहे आणि यवतमाळ व पुसद येथील दोन खिडक्यांवरून त्याच वेळी आरक्षण चालू आहे. यवतमाळच्या आज्ञावलीने आसन रिकामे असल्याचे पाहिले. तिने ते भरल्याची नोंद करण्यापूर्वीच पुसदच्या आज्ञावलीनेही ते रिकामे पाहिले. दोघींनी तिकीट दिले. प्रत्येक आज्ञावली स्वतंत्रपणे तपासली तर निर्दोष ठरते, आणि तरीही एका आसनावर दोन प्रवासी आले. शिवाय हा दोष हजारांतून एखाद्या वेळीच प्रकट होत असल्याने चाचणीत तो सापडेलच असे नाही.

डाइक्स्ट्रा यांना या अडचणीची पहिली जाणीव झाली ती एक्स-१ या डच संगणकाच्या वेळी. चालू काम मध्येच थांबवून बाहेरील यंत्राच्या हाकेला ओ देण्याची सोय, म्हणजे 'इंटरप्ट', त्यात असावी असे संगणकाचे आरेखनकार ब्राम लूपस्ट्रा व कारेल स्खोल्टन यांनी सुचविले. अशी हाक कोणत्या क्षणी येईल हे ठरलेले नसल्याने एकदा घडलेली चूक पुन्हा तशीच घडवून पाहता येणार नाही, या विचाराने डाइक्स्ट्रा धास्तावले आणि काही महिने त्यांनी निर्णय लांबणीवर टाकला. अखेर त्यांनी ती आज्ञावली लिहिली; १९५९ सालचा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंधही त्याच कामावर आधारलेला आहे. चाचणीवर विसंबता येत नसेल तर आज्ञावलीची अचूकता तर्काने सिद्ध केली पाहिजे, या त्यांच्या आग्रहाचे मूळ या भीतीत शोधावे लागते.

सेमाफोर

१९६२ साली डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. सामायिक माहितीला हात लावणारा आज्ञावलीचा भाग एका वेळी एकाच प्रक्रियेने चालवावा, हे साधायचे कसे? दोन प्रक्रियांसाठी उत्तर डच गणितज्ञ डेकर यांनी शोधले होते. कितीही प्रक्रिया असल्या तरी चालेल असे उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली जेमतेम एका पानाच्या लेखात मांडले. मात्र अशा उत्तरांत वाट पाहणारी प्रक्रिया सतत विचारणा करीत राहते व संगणकाचा वेळ वाया जातो. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे सेमाफोर.

हा शब्द रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेला आहे, आणि कल्पना समजण्यासही रेल्वेचाच दाखला सोयीचा आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर ही 'शकुंतला' नावाने ओळखली जाणारी नॅरोगेज रेल्वे एकेरी रुळांची होती. अशा कोणत्याही एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी अनेक ठिकाणी टोकनाची पद्धत असे : चालकाच्या हाती टोकन असेल तरच गाडी पुढे जाई, आणि पलीकडे पोहोचल्यावर ते परत दिले जाई. सेमाफोर म्हणजे शिल्लक टोकनांची संख्या होय. टोकन मागण्याच्या क्रियेला डाइक्स्ट्रा यांनी 'पी' व परत करण्याच्या क्रियेला 'व्ही' ही डच शब्दांवरून घेतलेली अक्षरे दिली. मागणीच्या वेळी टोकन शिल्लक नसेल तर ती प्रक्रिया झोपी जाते आणि टोकन परत आले की तिला उठविले जाते. मागणे व देणे या क्रिया अखंड असतात, त्यांच्या मधोमध दुसरे कोणी शिरू शकत नाही. आरक्षणाच्या उदाहरणात पुसदच्या खिडकीला टोकनासाठी क्षणभर थांबावे लागले असते आणि आसन भरल्याचे तिला दिसले असते.

तथापि टोकने एकापेक्षा अधिक झाली की नवे संकट उभे राहते. ते दाखविण्यासाठी डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली परीक्षेत एक प्रश्न घातला. त्यात पाच संगणक चुंबकीय फितींच्या यंत्रांसाठी स्पर्धा करीत होते. टोनी होर यांनी त्याला पुढे पाच तत्त्वज्ञांच्या भोजनाचे रूप दिले. वाटोळ्या मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ, दोघांमध्ये एक याप्रमाणे पाच काटे, आणि जेवण्यास प्रत्येकाला दोन काटे हवेत. प्रत्येकाने आपला डावा काटा उचलला तर सर्वांचे उजवे काटे शेजाऱ्यांच्या हाती जातात व कोणीच जेवू शकत नाही. नियम कोणी मोडलेला नसतो, तरी सर्वांची कोंडी होते. काट्यांना क्रमांक देऊन लहान क्रमांकाचा काटा प्रत्येकाने आधी उचलावा, एवढ्या नियमानेही ही कोंडी टळते. जगभरच्या अभ्यासक्रमांत हे कोडे आजही शिकविले जाते.

सेमाफोरचा प्रत्यक्ष उपयोग डाइक्स्ट्रा व त्यांच्या लहानशा गटाने विद्यापीठाच्या एक्स-८ संगणकासाठी तयार केलेल्या 'टीएचई' या कार्यप्रणालीत केला. हे नाव विद्यापीठाच्या डच नावाची आद्याक्षरे होत. एकावर एक थर रचून, खालचा थर पूर्ण तपासल्याखेरीज वरचा चढवायचा नाही, अशी तिची बांधणी होती. तिच्यावरील लेख १९६८ साली प्रसिद्ध झाला.

आज्ञावलीतील क्रम

त्याच वर्षी 'गो टू' या आज्ञेविरुद्धचे त्यांचे पत्र छापले गेले. आज्ञावलीत कोठूनही कोठेही उडी मारता येत असेल, तर एखाद्या क्षणी काम कुठवर आले आहे हे वाचणाऱ्यास सांगता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पत्राचे गाजलेले शीर्षक त्यांचे नव्हे, संपादक निक्लाउस विर्ट यांचे आहे. त्यावरून उठलेल्या वादात पत्रामागील विचार काहीसा झाकोळला गेला. समवर्ती कामांविषयी त्यांना जी चिंता होती, तीच येथे क्रमवार आज्ञावलीविषयी आहे.

उत्तरायुष्य

१९७३ पासून डाइक्स्ट्रा बरोज कंपनीचे संशोधक म्हणून बहुतांशी न्यूनेन येथील घरूनच काम करीत. १९८४ साली ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात गेले व १९९९ साली निवृत्त झाले. संगणकावर त्यांनी स्वतः फारसे काम केले नाही. आपली टिपणे ते शाईच्या पेनाने वळणदार अक्षरात लिहीत, प्रती काढून परिचितांना पाठवीत. नावाच्या आद्याक्षरांवरून 'ईडब्ल्यूडी' म्हणून ओळखली जाणारी अशी १३००हून अधिक टिपणे आहेत. त्यांचे लेखन धारदार होते व त्यामुळे अनेक जण दुखावलेही गेले.

या काळात समांतर संगणन प्रयोगशाळेबाहेर पडले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली पूर्ण केलेला 'परम ८०००' हा महासंगणक अनेक प्रक्रियक एकत्र जोडून बनविला होता. त्यातील ट्रान्सप्यूटर जातीच्या प्रक्रियकांची रचना होर यांच्या परस्परसंवादी प्रक्रियांच्या सिद्धांतावर आधारलेली होती. या प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे. आता खिशातल्या मोबाइलमध्येही अनेक प्रक्रियक असतात.

१९७४ साली डाइक्स्ट्रा यांनी दोनेक पानांचा एक लेख प्रसिद्ध केला होता. वर्तुळात जोडलेल्या यंत्रांमध्ये एकच टोकन फिरत असावे, पण काही बिघाडाने अनेक टोकने निर्माण झाली तर काय? रेल्वेत अशा वेळी माणसाला हस्तक्षेप करावा लागतो. कोणतेही यंत्र केवळ आपल्या शेजाऱ्यांची स्थिती पाहत असले, तरी संपूर्ण वर्तुळ कोणत्याही चुकीच्या स्थितीतून काही पावलांत आपोआप योग्य स्थितीला येईल, असे नियम त्यांनी या लेखात दिले. जवळजवळ दशकभर या लेखाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९८३ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेतील व्याख्यानात त्याचे महत्त्व सांगितल्यानंतर त्यावर स्वतंत्र संशोधनशाखा उभी राहिली.

२००२ च्या प्रारंभी कर्करोगाने आजारी असलेले डाइक्स्ट्रा न्यूनेनला परतले. त्याच वर्षी या लेखासाठी त्यांना वितरित संगणन परिषदेचा प्रभावी शोधनिबंध पुरस्कार मिळाला आणि थोड्याच काळात, ६ ऑगस्ट रोजी, त्यांचे निधन झाले. २००३ पासून हा पुरस्कार डाइक्स्ट्रा यांच्या नावाने दिला जातो.