धनंजयराव गाडगीळ आणि मंदीचा हिशेब

अहिवाऱ्यालगतच्या नंदिनी खाणींतील चुनखडी भिलाईच्या झोतभट्ट्यांसाठी खणली गेली. त्या पोलादाचे रूळ रेल्वेने घेतले. सरकारी खर्च आटला, तर त्याची झळ या साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत पोहोचणारच. 1966-67 मध्ये तेच घडले. सलग दोन दुष्काळांनंतर सरकारने भांडवली खर्चाला कात्री लावली. वाघिणींची मागणी घटली, अभियांत्रिकी उद्योग मंदीत सापडला आणि पंचवार्षिक योजनेला खंड पडला.

1967 मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद धनंजयराव गाडगीळांकडे आले. 1901 मध्ये नाशिकमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले गाडगीळ 1930 पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. गोदावरी व प्रवरा कालव्यांची त्यांनी केलेली पाहणी 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. पाणीपट्टीच्या वसुलीपुरते न थांबता कालव्यामुळे परिसरात वाढलेली मजुरी, व्यापार व उत्पन्न हेही त्यांनी हिशेबात धरले. पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते विठ्ठलराव विखे पाटलांसोबत उभे राहिले.

1969 मध्ये चौथी योजना सुरू झाली. राज्यांना केंद्रीय साहाय्य देण्याच्या ‘गाडगीळ सूत्रा’त 10 टक्के वाटा चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी होता. 1971 मध्ये ते निवर्तले.

महसूल घटताच अर्धवट कामे थांबवणे हा मंदीतील सर्वांत सोपा उपाय. गाडगिळांच्या कालव्याच्या हिशेबाने पाहिले, तर तोच सर्वांत महाग ठरतो.