लहुजी वस्ताद : आमच्या परंपरेचा पहिला काळा पट्टा

दादरच्या शिवाजी पार्कवर सायंकाळी फेरफटका मारला की पांढऱ्या गणवेशातली मुले कराटेचे हात करताना दिसतात. कुणाच्या कमरेला पिवळा पट्टा, कुणाच्या तपकिरी. त्यांना शिकवणाऱ्या काळ्या पट्टेवाल्याला त्याचा गुरू कोण म्हणून विचारा. तो गुरूचे नाव सांगतो, गुरूच्या गुरूचे सांगतो आणि ही साखळी थेट जपानपर्यंत नेऊन भिडवतो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, १८८३ साली दोघा शिष्यांना पहिली दान पदवी दिली. काळ्या पट्ट्याची प्रथा तिथूनच निघाली. गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली ती कराटेत आणली. कोणी कोणाला घडवले याची तिथे नोंद आहे. म्हणून ती परंपरा कुणी पुसू शकत नाही.

याच मैदानावर ६ डिसेंबरला आपला लाखोंचा समाज उतरतो, पुस्तके विकत घेतो आणि चैत्यभूमीवर माथा टेकतो. समता सैनिक दलाचे सैनिक मानवंदना देतात. त्या समाजाला आम्ही विचारतो, आपल्या परंपरेची साखळी आपण कुठपर्यंत सांगू शकतो? बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना गुरू मानले, हे आपले लहान मूलही सांगेल. पण जोतीरावांचा वस्ताद कोण होता?

कानोंची शाळा निघण्याच्या आदल्याच वर्षी, १७ फेब्रुवारी १८८१ रोजी, तो वस्ताद पुण्यात वारला. त्याचे नाव लहुजी राघोजी साळवे.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याचा, मातंग कुळातला. साळवे घराणे किल्ल्याच्या राखणीचे, म्हणून शस्त्र घरातच होते. वडील राघोजी नामांकित पट्टेबाज. त्यांनी जिवंत वाघ धरून आणल्याची कथा आजही सांगतात. कथेचे राहू द्या, पण या घरात तालीम पिढीजात होती, हे खरे. दांडपट्टा हे काही पोरखेळाचे हत्यार नाही. लांब, लवचीक, दुधारी पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. मनगट वाकवायला वाव नाही, सगळा खेळ खांद्याचा, कमरेचा आणि पायांचा. चुकला तर पाते फिरवणाऱ्यालाच कापते. हे पुस्तक वाचून येत नाही, वस्तादापुढे उभे राहूनच शिकावे लागते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशवाई आणि इंग्रज समोरासमोर आले. ५ तारखेला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. याच लढ्यात राघोजी पडले. लहुजी तेव्हा तेवीस वर्षांचे होते. ज्या पेशवाईने अस्पृश्याची सावलीही विटाळाची मानली, तिच्यासाठी एक मातंग लढवय्या कामी आला. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावला महार सैनिक इंग्रजांच्या बाजूने त्याच पेशवाईशी लढले.

काही मंडळी नेमके इथेच बोट ठेवतात. मातंग तिकडे, महार इकडे, मग तुमचे जुळणार कसे, असे कुजबुजतात. आम्ही त्यांना विचारतो, दोन्हीकडे रक्त कुणाचे सांडले? तलवार अस्पृश्याची, मरण अस्पृश्याचे आणि राज्य मात्र कधी याचे, कधी त्याचे! फूट पाडणाऱ्यांनी १८१७ वर थांबू नये. लहुजी पुढे काय करतात, तेही पाहावे.

लहुजींनी पुण्यात गंज पेठेत तालीम उभी केली. दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी, कुस्ती असे सारे तिथे शिकवले जाई. लाल मातीत जात विचारली जात नव्हती. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्या पायाला हात लावून उच्चवर्णीयांची पोरे डाव शिकत होती. कानोंच्या पदव्यांच्या कितीतरी आधी एक अस्पृश्य माणूस सवर्णांचा गुरू होता, ही क्रांती छोटी नाही.

१८४७ च्या सुमारास विशीतले जोतीराव या तालमीत आले. दांडपट्टा आणि निशाणबाजी आपण लहुजींकडे शिकलो, हे जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त वस्तादाचे नाव घेऊन नोंदवले आहे. शिष्याने गुरूची साखळी स्वतः लिहून ठेवली, वाचायची राहिली ती आपण.

मग शिष्य गुरूला शिकवू लागला. जोतीराव-सावित्रीबाईंनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, पण मुले पाठवणार कोण? भीती होती, दारिद्र्य होते. तेव्हा लहुजी मांग आणि राणबा महार हे दोघे वस्तीत फिरले, आईबापांची समजूत घातली, पोरे शाळेत आणली. खडकी आणि कोरेगावचे उत्तर इथे आहे. मातंग वस्ताद आणि महार कार्यकर्ता एका शाळेसाठी एका वाटेने चालले. त्याच शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिते आणि मांग व महार या दोघांच्याही दुःखाची दाद एकदमच मागते. चौदा वर्षांच्या पोरीला जे कळले, ते आमच्या पुढाऱ्यांना अजून कळत नाही!

वासुदेव बळवंत फडके हेही याच तालमीतले. १८७९ साली त्यांनी बंड केले, पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. वस्तादाच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला. फडक्यांना इतिहासात पाने मिळाली, वस्तादाला एखादी ओळ. पुढे शिष्यांच्या यादीत आणखी बड्या नावांची भर पडत गेली. आम्हाला ती यादी लांबवायची गरज वाटत नाही. जोतीराव एकटे पुरेसे आहेत.

लहुजींची समाधी पुण्यात संगमवाडीला आहे. त्यांच्या नावाने शासनाने २००३ साली मातंग समाजाचा अभ्यास आयोग नेमला. २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मानही मिळाला. शस्त्राला मान मिळाला, पण ते चालवायला शिकवणाऱ्या जातींच्या पोरांना काय मिळाले? आयोगाच्या शिफारशींचे काय झाले? हा प्रश्न एकट्या मातंगांनी विचारायचा नाही, आपण सर्वांनी विचारायचा आहे.

शिवाजी पार्कपासून हिंदू कॉलनीतले राजगृह काही लांब नाही. बाबासाहेबांनी ते ग्रंथांसाठी बांधले. १९४६ साली शूद्रांच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. साखळी आता जुळवून पाहा : राजगृहातून गंज पेठेतल्या फुलेवाड्यात आणि तिथून त्याच पेठेतल्या लहुजींच्या तालमीत. आपल्या पोरांनी कराटे जरूर शिकावे, काळा पट्टाही मिळवावा. पण तो कमरेला बांधताना जपानी गुरूंच्या नावांबरोबर आपल्या वस्तादाचेही नाव घ्यावे. आणि येत्या १४ नोव्हेंबरला बौद्ध वस्तीतले कार्यकर्ते मातंग वस्तीत स्वतःहून जातील, एवढे तरी आपण करू या. लहुजी आणि राणबा त्या वाटेने कधीच चालून गेले आहेत.